हासनच्या मोकळ्या खिडक्या

“पाचगणी?” टेंभुर्णीहून फोनवर पूनमनं विचारलं.

“हिवाळ्यात तुझ्या आईचे गुडघे धरतील. फुडचं.”

“पुणे?”

“पुन्याला मागल्या साली चार कूलर मीच बसवून आलोय. ते कसलं थंड! फुडचं वाच.”

लेकीनं बारमाही बऱ्या हवेच्या गावांची यादी शोधून काढली होती आणि सिद्धराम मिस्त्री एकेक गाव उडवून लावत होता. सोलापुरात चाळीस वर्षं कूलरचं गवत बदलणाऱ्याला हवेतलं कळायचं नाही, तर कुणाला? त्याचं माप एकच. खिडकीत कूलर दिसला की गाव बाद.

हा सगळा खटाटोप राजाबाईसाठी, त्याच्या बायकोसाठी. गेल्या महिन्यात भर दुपारी ती दाराबाहेर कोसळली. उन्हात कशाला गेली होती, ते तिनं सांगितलं नाही. डॉक्टर मात्र स्पष्ट बोलले, “पुन्हा ऊन लागलं तर अवघड आहे. मेच्या आत यांना इथून हलवा.” अख्ख्या पेठेला गार वारा पुरवणारा मिस्त्री, आणि त्याचीच बायको उन्हानं पडली! हे त्याच्या जिवाला फार लागलं होतं.

यादीच्या तळाला कर्नाटकातलं हासन निघालं.

“आपल्या स्टेशनावरनं गाडी सुटती, ते हासन?”

राजाबाई अंथरुणातूनच हसली. “गावाचं नावच हासन. मग रडत कशाला बसायचं? बगून तरी या की.”

तो गेला. ऐन एप्रिलात, दुपारी बारा ते तीन, मान वर करून गल्लीन् गल्ली हिंडला. एका खिडकीत कूलर असेल तर शपथ! शेवटी ओट्यावरच्या एका बाईनं हटकलं, तेव्हा त्यानं आपल्या वळसंग गावच्या कानडीत विचारलं, इथं कूलरवाले कुठं बसतात?

“कूलर याके?” ती म्हणाली. कूलर कशाला?

चाळीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला हसू आलं आणि मग ध्यानात आलं, जिथं राजाबाई जगणार, तिथं त्याच्या हातांना काम नव्हतं. संध्याकाळच्या आत त्यानं एक खोली ठरवली.

“कसं हाय गाव?” घरी आल्या आल्या तिनं विचारलं.

“खिडक्या मोकळ्या हायत.”

तिला तेवढ्यावरून सगळं कळलं. “मग तुमी तितं करनार काय?”

“तुला बगत बसंन. आजवर सवड कुटं घावली?”

“चला, कायतरीच तुमचं!” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

निघायच्या दिवशी सामान बांधून झालं, तेव्हा त्यानं घरचा कूलर उतरवायला घेतला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं पत्रा कापून केलेला. त्या खिडकीतून तो कधी हलला नव्हता. नट-बोल्ट गंजून बसले होते. कसाबसा निघाला आणि खोलीत भस्सकन उजेड आला.

राजाबाई खिडकीशी आली. “अगं बाई! हितनं लिंब दिसतोय व्हय? आन् तुमी सायकलवरनं येता, तो रस्ताबी?”

“दिसतोय की.”

“आन् मी रोज दुपारी दारात हुबी राहून वाट बगायची. उन्हात.”

सिद्धरामनं पाना पिशवीत टाकला. गाडीला अजून तासभर होता. त्यानं बांधलेलं स्टूल सोडलं आणि तिच्यासाठी खिडकीपाशी ठेवलं.