द्वादशीची शर्यत

महालक्ष्मी शर्यतीच्या रस्त्याकडेच्या दोरीअलीकडे उभी होती, पानकाची बाटली चोरीच्या मालासारखी पदराखाली धरून. गूळ, सुंठ, वेलची. पहाटे घाईघाईत ढवळलेलं. चेन्नईतल्या बेसंट नगरच्या समुद्रावरून वारा येत होता, पण तोही घामेजलेला.

तिची सहाना एकवीस किलोमीटरच्या, तीन फेऱ्यांच्या शर्यतीत धावत होती. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार. पुढच्या वर्षी सहाना या वयोगटातून बाहेर पडणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

काल एकादशी. तंजावूर सोडून पिढी उलटली तरी महालक्ष्मीच्या घरात एकादशीला शेगडी पेटत नाही. सहानाचं मात्र निराळं. मैत्रिणींशी तमिळ, ऑफिसात इंग्रजी, आणि उरलंसुरलं मराठी आईच्या वाट्याला. एकादशीला बाहेर डोसा खाऊन, तोंड पुसून घरात शिरणारी पोर. तीच काल सकाळी म्हणाली, "अम्मा, आज मीपण धरते. उद्या पेरुमाळ देवानं जरा माझ्याकडं बघायला नको?"

महालक्ष्मीला काय झालं म्हणून सांगावं! दिवसभर मायलेकी पाण्यावर. दुपारी लेक शेजारी येऊन लवंडली, कित्येक वर्षांनी. 'खा गं थोडं' हे शब्द महालक्ष्मीच्या ओठांवर आले होते, ते तिनं गिळले. एकादशीला तेवढंच काय ते पोटात गेलं.

पहाटे पारण्याला अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या पाल्याची भाजी आणि दोन घास भात. भरल्या पोटी धावणार कशी?

"मामी, काल जेवली ना ती भरपूर?" सहानाचा प्रशिक्षक तरुण यानं आत्ता, शर्यत सुरू झाल्यावर विचारलं. "परवा मी तिला दमेस्तोवर पळवलं. मांड्या-पोटऱ्यांतली साठवलेली साखर उपसली गेली. कालचा दिवस भात खाऊन ती परत भरायचा."

"काल एकादशी होती," महालक्ष्मी म्हणाली.

"अय्यो, मामी!" तरुणनं कपाळाला हात लावला.

"मग आता?"

"हळू पळाली तर बरंचसं चरबीवर निभतं, साखर पुरते. जोरात पळाली की साखर भसाभस जाते. ती संपली की पाय मागतात आणि आत काही नसतं."

"मग हळू पळ म्हणून ओरड ना तिला!"

"हळू पळून पहिल्या दोघींत कशी येईल?"

महालक्ष्मीनं पदर बाजूला केला. तिनं बाटली काढली. "हे देऊ? वाटेत नुसतं पाणीच ठेवलंय त्यांनी."

"आत ठेवा ती! बाहेरून कुणी काही दिलं की पोरगी बाद."

पहिल्या फेरीला सहाना सगळ्यांच्या पुढे होती. आईकडे बघून हसलीसुद्धा. दुसऱ्या फेरीला तिसरी. शेवटच्या फेरीला महालक्ष्मीनं तिला लांबूनच ओळखलं, आणि ओळखलं नसतं तर बरं, असं तिला वाटलं. सहाना चालत होती. मध्येच धावायला जायची, चार पावलांत पाय जड, पुन्हा चाल. चालायला मात्र पाय तयार होते. कुणी बाजारातून येतंय असं वाटावं. बाजूनं पोरी सपासप निघून जात होत्या.

महालक्ष्मी दोरीच्या या बाजूनं तिच्याबरोबर चालू लागली. दोघींत हातभर अंतर. बाटलीचं झाकण तिनं कधी उघडलं, तिलाच कळलं नाही.

"नको, अम्मा," सहाना समोर बघतच म्हणाली. "पूर्ण तरी करू दे."

महालक्ष्मीनं झाकण लावलं. आयुष्यभर हिच्या मागे ताट घेऊन धावले, आणि आज हिला एक घोट देता येईना.

शेवटची रेघ ओलांडून सहाना रस्त्यावरच बसली. पानक एका दमात संपवलं, बाटली उलटी करून शेवटचा थेंबही घेतला. पहिल्या दोघी कधीच पुढे निघून गेल्या होत्या.

"मी तुला खा म्हणायला हवं होतं," महालक्ष्मी म्हणाली.

"तू म्हणाली असतीस तर खाल्लं असतं," सहाना म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगावं तसं. मग तिनं डोकं आईच्या गुडघ्याला टेकलं, कालच्या दुपारसारखं. महालक्ष्मी तशीच उभी राहिली, रिकामी बाटली घेऊन, पाय न हलवता.