वानर आलंच नव्हतं

दैवशाला गेली हे मच्छिंद्रला कळलं तेव्हा तो जालन्यातल्या दवाखान्याच्या जिन्यात होता. हातात थर्मास, थर्मासात तिच्यासाठी चहा. वरून नर्स उतरत होती. त्याला बघून ती थांबली आणि म्हणाली, "मामा, वर जा. पण आता घाई करू नका." त्याला कळलं.

तासाभरात गावाकडून पुतण्याचा फोन आला. "काका, काकूचा फोटो पाठवा. बॅनर छापायला टाकायचंय." मच्छिंद्रनं मोबाइल चाळला. मिरचीच्या पिकाचे फोटो होते, बैलाचे होते, विजेच्या बिलाचे होते, लेक तृप्तीच्या लग्नाचे तर शेकड्यानं होते. दैवशाला एकटी अशी एकाच फोटोत सापडली. अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, मधोमध ती देठ खुडत बसलेली, पदर तोंडाला, डोळे बारीक झालेले.

बॅनर पिंपळगावच्या चौकात लागलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "कशी हसून राह्यली बघा." ती हसत नव्हती हे मच्छिंद्रला एकट्याला माहीत होतं.

त्या पावसाळ्यात हायस्कूलच्या निवेदिता मॅडमनी वाचनालयात एक कार्यक्रम सुरू केला. एका घराचा एकच आवडता फोटो, घरच्याच कुणीतरी काढलेला, आणि त्यामागची गोष्ट. परगावी गेलेल्यांना ऐकता यावं म्हणून गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजात टाकायची. ग्रुपमध्ये यायचा क्यूआर कोड वाचनालयाच्या दारावरच चिकटवला होता. कुणीही यावं.

गावाला नादच लागला. चांगुणाबाईनं, म्हणजे मच्छिंद्रच्या चुलतभावजयीनं, नवऱ्याचा फोटो आणला. सोमेश्वर शहागडच्या पुलावर उभा, हातात छत्रीचा नुसता दांडा. वरचं कापड वाऱ्यानं गोदावरीत गेलेलं. "तरीबी दांडा धरून शहाण्यासारखा उभा," ती म्हणाली आणि सगळे हसले. सोमेश्वरला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मच्छिंद्रची पाळी आली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. मिरच्या खुडताना वानर आलं, माझ्या हातातली भाकर घेऊन पळालं, म्हणून ती अशी हसली. लोकांना गोष्ट आवडली. शहागडला दिलेल्या तृप्तीचा रात्री मेसेज आला. "आबा, हे मला कधीच सांगितलं न्हाई तुम्ही. आईचा हसरा फोटो मी मोबाइलवर लावलाय. रोज बघते."

नवरात्रात रेणुकामातेच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंडप उभा राहिला. हरिओम महाराज आले. आदल्या दिवशी नाव आणि मोबाइल नंबर लिहून पावती घ्यायची. दुसऱ्या दिवशी घरातला सगळ्यात आवडता फोटो लाल फडक्यात बांधून आणायचा. महाराज फडकं सोडत नसत. गाठोडं कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे आणि आतल्या फोटोची गोष्ट सांगायचे. कुणाच्या म्हशीची, कुणाच्या पडलेल्या दाताची. बायका रडत. पुरुष उगाच वर बघत.

"फोटो म्हणजे काय?" महाराज माइकवर विचारायचे. "फोटो म्हणजे आत्म्याचं सिमकार्ड! माणूस गेला, सिम इथंच राह्यलं. आम्ही काय करतो? बस, रिचार्ज मारतो. बोला रेणुकामाता की..."

"जय!" मंडप म्हणायचा.

चांगुणाबाई जाऊन आली ती मच्छिंद्रच्या ओट्यावर येऊन बसली. तोंडावर तेज होतं.

"भाऊजी, छत्री सांगितली त्यांनी! दांड्यासकट सांगितली. फडकं सोडलं न्हाई, काही न्हाई."

"आन् अजून काय?"

"महाराजांच्या तोंडून हे म्हणले, त्या गोळ्या गरम पडून राह्यल्या तुला. फेकून दे. फेकल्या म्या."

मच्छिंद्र उठून उभा राहिला. दोन महिन्यांपासून चांगुणाबाईला सरकारी दवाखान्यातून टीबीच्या गोळ्या चालू होत्या. "वहिनी, डॉक्टरनं सहा महिने सांगितलेत. मधी बंद करायच्या न्हाईत म्हणून दोनदा सांगितलं, म्या होतो ना सोबत."

"डॉक्टरला छत्री माहीत हाय का? मंग! टीबी-बीबी काही न्हाई, मिरचीचा ठसका हाय. मिरचीत बसल्यावर कोण खोकत न्हाई?"

हे वाक्य मच्छिंद्रचंच होतं. दैवशालाला तो तीन महिने हेच म्हणत होता.

त्यानं संध्याकाळी जाऊन पावती घेतली. महाराजांना उघडं पाडायचं असं काही त्याच्या मनात नव्हतं. एवढंच होतं की दैवशाला खरोखर बोलत असेल तर ती खोकल्याचं बोलेल. शिव्या देईल. देऊ दे.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला होता. चांगुणाबाई पुढे, निवेदिता मॅडम मागच्या खांबाला टेकून. महाराजांनी गाठोडं कपाळाला लावलं. माइक घरघरला.

"लाल... सगळं लाल दिसून राह्यलं. मिरची! बाई बसलीय. देठ खुडून राह्यली. आणि हे कोण आलं? वानर आलं! मालकाची भाकर पळवली! माउली हसतेय, पदरात तोंड घालून हसतेय. म्हणते, धनी, मी सुखात हाय."

मंडपात हुंदके सुरू झाले. मच्छिंद्र वाट बघत राहिला. खोकल्याचं काही आलं नाही. इतके महिने आत जे धरून ठेवलं होतं ते सैल झालं आणि त्याला फक्त दमल्यासारखं वाटलं.

"महाराज, वांदर आलंच न्हवतं," तो म्हणाला.

"विसरले तुम्ही. आत्मा विसरत नाही."

"विसरलो न्हाई. ते म्या बनवून सांगितल्तं."

"दुःखानं माणसाचा टॉवर जातो," महाराज माइकवर म्हणाले. काही जण हसले. चांगुणाबाई चिडून उठली. "भाऊजी, येडे झाले का? वांदराची गोष्ट तुम्हीच तर ग्रुपवर सांगितल्ती! साऱ्या गावानं ऐकली!"

आपण काय बोललो हे चांगुणाबाईला अजून कळलं नव्हतं, पण बाकीच्यांना कळायला लागलं होतं.

"तेच म्हणतो, वहिनी," मच्छिंद्र म्हणाला. "म्या सांगितली. तिनं न्हाई. ती सांगत असती तर खोटी कशाला सांगंल?"

निवेदिता मॅडम पुढे आल्या. "काका, ती पावती द्या जरा." पावतीवर चौकशीसाठी म्हणून एक नंबर छापलेला होता. मॅडमनी तो ग्रुपमध्ये शोधला. सापडला. नाव नाही, चित्र म्हणून देवीचा मुखवटा. श्रावणात आलेला, एक शब्द बोललेला नाही, सगळ्यांच्या गोष्टी ऐकलेला. मॅडमनी तिथंच फोन लावला. महाराजांच्या मागे बसलेल्या चेल्याच्या खिशात आरती वाजू लागली. त्यानं ती दाबून बंद करायचा प्रयत्न केला तर आवाज आणखी मोठा झाला.

"एका घराचा एक फोटो, एक गोष्ट," मॅडम म्हणाल्या. "नाव आणि नंबर आदल्या दिवशी यांच्याकडे. मग फडकं सोडायची गरजच काय? नियम माझाच होता आणि दारावरचा क्यूआर कोडही माझाच. तेवढी चूक माझी. पण आता एकानं तरी सांगा, आपण ग्रुपवर टाकलं नव्हतं असं काही महाराजांनी कुणाला सांगितलं?"

कुणी हात वर केला नाही.

"आज शक्तीला विटाळ झालाय," महाराज म्हणाले आणि मंडपाच्या मागच्या बाजूनं गेले. माइक चालूच राहिला होता. "गाडी काढ, गाडी काढ जल्दी," हे सगळ्यांना ऐकू आलं.

चांगुणाबाई मात्र जागची हलली नाही. "पण छत्रीचं..." ती म्हणाली.

"छत्रीचं तुम्ही सांगितलं. गोळ्यांचं त्यानं पदरचं घातलं. तेवढंच एक त्याचं सवताचं होतं." मच्छिंद्रनं लाल फडकं सोडलं आणि फोटो तिच्या हातात दिला. "वहिनी, नीट बघा. हसत न्हाई ती. खोकून राह्यली. तीन महिने खोकत होती आन् म्या मिरचीचा ठसका म्हणत होतो. त्या दिवशी म्हणलो, पदर काढ, फोटो चांगला येऊ दे. तिला काढता आला न्हाई. जालन्याला नेली तवा डॉक्टर म्हणले, आधी का न्हाई आणलं?"

चांगुणाबाई फोटोकडे बघत राहिली. तिला स्वतःला ढास लागली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग तो पदर तिनं बघितला, फोटोतला बघितला, आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघं दवाखान्यात गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर रागावले, ते बरोबर होतं.

गावात अजून काही जण म्हणतात, महाराजांत काहीतरी होतं. त्यांच्याशी मच्छिंद्र वाद घालत नाही. तो एवढंच विचारतो, तुम्हाला माहीत नव्हतं असं त्यानं काय सांगितलं? आणि कुणी खोकत असेल तर विचारतो, किती दिवस झाले? दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर मिरचीला दोष देऊ नका, तपासून घ्या. मेलेलं माणूस फोटोतून बोलत नाही. जिवंत माणूस समोर बसून खोकतं, त्याचं ऐकलं पाहिजे.

बॅनर उन्हानं पांढरं पडलं होतं, ते त्यानं उतरवून आणलं. ग्रुपवरची वानराची गोष्ट मॅडमना सांगून काढून टाकली.

खरं काय ते तृप्तीला त्यानं अजून सांगितलेलं नाही.