बत्तीस फोटो, बत्तीस हार

समीनाने लीलाबाईला शब्द दिला होता, आणि सकाळी नऊ वाजता सांगलीच्या हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर तिला दिसलं, की भाऊसोंनी त्या शब्दाची पार वाट लावली आहे.

चारी भिंतींवर झेंडूचे हार. बत्तीस फोटो, बत्तीस हार. प्रत्येक काचेवर मधोमध कुंकवाचं बोट, आणि खाली उदबत्त्या. जिल्ह्यातल्या कलाकारांचं कौतुक करायला भरवलेलं हे प्रदर्शन; पण बघणाऱ्याला वाटावं, एकाच रात्रीत बत्तीस घरांत सुतक पडलं. आणि माणसं तर सगळी धडधाकट. मिरजेत तंबोरे करणारे लियाकतचाचा कालच तिच्या स्टुडिओत येऊन ‘माझं नाक एवढं मोठं कसं काढलंस’ म्हणून तासभर भांडून गेले होते.

समीनाचा स्टुडिओ मिरजेत स्टेशनजवळ. पासपोर्टचे फोटो, शाळेचे फोटो, लग्नाचे अल्बम, यावर तिचं घर चालायचं. पण गेली दोन वर्षं तिने एक रविवार घरी काढला नव्हता. कॅमेरा गळ्यात, स्कूटी काढायची आणि गावोगाव जाऊन कलाकार गाठायचे. त्यात सगळ्यात जास्त दमवलं ते लीलाबाईने. कवठे महांकाळजवळच्या खेड्यात राहणारी ही सत्तरी ओलांडलेली कुंभारीण बेंदराच्या सणाला मातीचे बैल करायची. बैल असे, की बघणाऱ्याला वाटावं, हा आता मान उडवणार. तिने समीनाला तीनदा दारातून परत पाठवलं. चौथ्यांदा कारण सांगितलं.

“आमच्यात मानूस गेल्यावर फोटू भिंतीला लागतो, पोरी. आमच्या मालकांचा एकच फोटू हुता, मिल्ट्रीतला. त्यो भिंतीला लागला त्यो हार घालूनच. मला जितेपनी तसलं नगं.”

“आजी, कुणी हार घालणार नाही. घातलाच, तर मी माझ्या हातानं फोटो उतरवीन.”

“शब्द?”

“शब्द.”

मग कुठे लीलाबाईने हातातलं काम न थांबवता फोटो काढू दिला. कोपरापर्यंत माती, ओठ घट्ट मिटलेले, बैलाला दुसरं शिंग बसवताना सगळा जीव बोटांत आलेला. असा फोटो समीनाला पुन्हा मिळाला नसता, हे तिचं तिलाही ठाऊक होतं. पत्रिकेवर तोच छापला होता, आणि दारासमोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठा तोच लावला होता.

भाऊसो प्रदर्शन समितीचे अध्यक्ष. चाळीस वर्षांत त्यांनी प्रतिमापूजनाशिवाय एकही कार्यक्रम होऊ दिला नव्हता. इथे तर बत्तीस प्रतिमा आयत्याच भिंतीवर! माणूस पहाटे पाचला उठून स्वतः फुलबाजारात गेला होता. वाईट हेतूने केलं असतं तर समीनाला भांडायला सोपं गेलं असतं.

“कशी वाटली सजावट?” भाऊसोंनी हसत विचारलं.

“उतरवा सगळी. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, पत्रिकेत छापलंय, प्रतिमापूजन म्हणून! पाहुण्या अकराला पोचतील.”

“भाऊसो, तुमचा एक फोटो द्या. तोही लावते मधे, हार घालून.”

“काय अभद्र बोलतीस!” भाऊसो दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. “आयला. हे ध्यानातच आलं न्हाई की गं.”

समीनाने शिडी ओढली आणि दाराजवळच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. भाऊसो खालून आपल्या रुमालाने कुंकू पुसत होते आणि मधेच कुरकुरत होते. “ते खरं, पण पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं?” उतरवलेला एक हार त्यांनी फुलांच्या टोपलीत झाकून ठेवला. सवय अशी लगेच सुटते थोडीच.

वीस हार उतरले आणि दारात जीप थांबली. भाच्याला घेऊन लीलाबाई तासभर आधीच आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. आत आली ती थेट समोरच्या मोठ्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. त्याच्यावरचा हार अजून तसाच होता.

सगळ्यात आधी हाच काढायला हवा होता. समीनाला स्वतःचा इतका राग आला, की शिडीवरून उतरताना तिचा पाय चुकला.

लीलाबाई ओरडली नाही. “पोरी, तू शब्द दिलतास,” एवढंच म्हणाली.

“व्हय, आजी. चुकलं.” समीनाने हार ओढून काढला.

“आता काढून काय? घातला त्यो घातलाच.”

समीनाने शिडी लावली, वर चढली आणि फोटो खिळ्यावरून सोडवला.

“समीना!” भाऊसो धावत आले. “पत्रिकेवर हाच हाय! पाहुण्या फीत कापून थेट ह्याच्यासमोरच येणार!”

“मी शब्द दिला होता.”

फ्रेम जड होती. दोन वर्षांचे रविवार असे दोन्ही हातांनी खाली आणताना तिला रडू फुटत होतं, पण तिने फोटो भिंतीकडे तोंड करून टेकवला आणि उरलेले हार काढायला निघून गेली. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा राहिला.

लीलाबाईने खिळ्याकडे पाहिलं. पोरीच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तिने प्लास्टिकची एक खुर्ची ओढली, खिळ्याच्या बरोबर खाली मांडली आणि पदर सावरून बसली.

“आजी, तिथं का?” भाऊसोंनी विचारलं.

“हितं मोकळं बरं दिसत न्हाई. मी बसते.”

अकराला प्रमुख पाहुण्या आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका सुलाबाई. फीत कापली गेली. टाळ्या चालू असतानाच भाऊसोंनी टोपलीतला तो एकुलता एक हार सवयीने त्यांच्या हातात दिला. सुलाबाई चार पावलं चालत आल्या, प्रतिमेसाठी मान वर केली, आणि खिळा पाहून हार तसाच धरून थबकल्या.

लीलाबाई उठली नाही. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान पुढे केली.

“घाला की, बाई. मान हितं हाय.”

सुलाबाई हसल्या आणि त्यांनी हार तिच्या गळ्यात घातला. लियाकतचाचांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. मग इतक्या टाळ्या पडल्या, की भाऊसोंनी भाषणाचा कागद खिशात घातला. समीना खांबाला टेकून उभी होती, आणि आता ती खुशाल रडत होती.

“रडतीस काय?” लीलाबाई खुर्चीतून उठली. “जा, लाव त्यो फोटू. हार घ्यायचा त्यो मी घेतला. त्याला आता काय लागत न्हाई.”

समीना पदराने डोळे पुसत शिडीवर चढली आणि तिने फोटो खिळ्यावर अडकवला. गळ्यातला हार सावरत लीलाबाई चार पावलं मागे गेली. तिने एक डोळा मिटला आणि बैलाची शिंगं पारखावीत तशी फ्रेम पारखली.

“डाव्या अंगाला उतरलाय,” ती म्हणाली. “नीट कर.”