जावईबापूंचा नायटा

फेस अंगात मुरू द्यायचा होता आणि जावईबापूंना तो झटकायचा होता. कुलूपवाल्याने एका हाताने त्यांची मानगूट धरली, दुसऱ्याने शेपटीच्या बुडाशी औषधी शाम्पू चोळला आणि त्यांना गुंतवून ठेवायला एका व्यापाऱ्याच्या तिजोरीची गोष्ट काढली. ही तिजोरी म्हणे फक्त शिंकल्यावर उघडायची. तिच्यापायी त्या व्यापाऱ्याच्या घराण्यात तान्ह्या पोरांनासुद्धा तपकीर ओढायची सवय लागली, आणि शेवटी एका सर्दी झालेल्या चोराने दारातूनच ती रिकामी केली. जावईबापू कान पाडून ऐकत राहिले. त्यांनी ही गोष्ट पूर्वी ऐकली होती, पण तेव्हा चोराला डांग्या खोकला होता.

जावईबापू म्हणजे कुत्रा. न बोलावता आला, दुकानातली एकुलती एक लोखंडी खुर्ची बळकावून बसला, सगळ्यांच्या आधी जेवला आणि वर जेवणाला नाक मुरडलं, म्हणून कुलूपवाल्याच्या बायकोने त्याचं हे नाव ठेवलं. खऱ्या जावयाने ते बरेच दिवस मनाला लावून घेतलं होतं. पुढे बायकोला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलण्यात ती अशी होती, की तिच्याशी वाद घालायला शेजारीण आली तर जाताना स्वतःच्याच नवऱ्याला शिव्या देत जायची. आता ती मागच्या खोलीत खिडकीलगतच्या खाटेवर पडून असायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उजव्या हातात दिलेला रबरी चेंडू तिथे उकडलेल्या बटाट्यासारखा पडून राहायचा. तिच्या जिभेवरचं घरात एवढंच उरलं होतं, कुत्र्याचं नाव.

आणि त्या कुत्र्याला नायटा झाला होता. नायटा जायचा अगदी पाहुण्यासारखा, निरोप घेऊन, चपला घालून. आणि पिशवी विसरली म्हणून दारातूनच परत यायचा. आधी कानामागे नाण्याएवढा गोल चट्टा पडला, केस गेले, कडेला खवले धरले. तो बरा झाला तर पंजावर आला. पंजा निवळला तर शेपटीशी. गोळ्या झाल्या, मलमं झाली. कुलूपवाल्याने चटई जाळली, कंगवा जाळला, पांघरुणं अशी उकळली की त्यांच्यावरची फुलं पाण्यात उतरली आणि पांघरुणं विधवा झाल्यासारखी पांढरी पडली. फरशी पुसून पुसून त्याच्याच हाताची सालं निघाली. नायटा परत आला तो आला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून कुत्र्यावर जांभळ्या उजेडाचा दिवा धरला. शेपटीजवळचे केस हिरवे चमकले.

"काका, हे जुनं राहिलेलं नाही. नव्यानं लागतंय. घरात दुसरं जनावर आहे का?"

"मी आहे."

त्या हसल्या नाहीत. "मांजर वगैरे? मांजर वरून अगदी छान दिसतं, अंगावर एक डाग नसतो, पण हे सगळीकडे वाटत फिरतं."

"कुलूपवाल्याचं घर आहे, ताई. माझ्या घरात मला विचारल्याशिवाय झुरळ शिरत नाही."

हे तो खरं मानूनच बोलला होता. सगळ्या गावाच्या दारांची गुपितं त्याला ठाऊक. त्याच्या हातची किल्ली हरवली तर कुलूप शोक करतं असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः तो स्वतः.

लेक रोज सकाळी आपल्या लहान मुलीला काखेत मारून यायची आणि आईला आंघोळ घालायची. दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं. कुलूपवाल्याने करून पाहिलं होतं, तर बायकोने डोळे घट्ट मिटून घेतले आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने पुन्हा तांब्याला हात लावला नाही. त्या सकाळी लेकीने आईची बाही वर केली आणि दंडावरचा लालसर गोल त्याला दाखवला. मग स्वतःच्या मुलीची मान दाखवली. तिथेही तसाच एक होता, अजून कोवळा.

"इतके दिवस मी काही बोलले नाही, बाबा," ती कपडा पिळत म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता ही शेवटची वेळ. पुन्हा त्याला आलं, तर एक तर तो इथं राहील, नाही तर मी येईन."

त्याने मान हलवली, आणि विषय बदलायचा म्हणून तिलाच दटावलं, की आईची खिडकी उघडी टाकून जात जाऊ नकोस. रोज दुपारी ती उघडी सापडते. वारं लागतं तिला.

"मी खिडकीला हातसुद्धा लावत नाही."

मग खिटी ढिली असणार. कुलूपवाल्याच्या घरात ढिली खिटी म्हणजे न्हाव्याच्या घरी वाढलेली दाढी. त्याने ती त्याच दिवशी बदलली आणि चांगली कडक बसवली.

नवी खिटी बसल्यावर लवकरच एका दुपारी तो बारीक कानस विसरली म्हणून दुकानातून मागे घरात आला. जावईबापूंना त्याने दुकानात खुर्चीवर सोडलं होतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून आवाज आला, जड, घासलेला, गंजल्या कुलपात फिरवलेल्या किल्लीसारखा.

"आलास का रे, मेल्या? किती उशीर."

ही शिवी ती आयुष्यभर त्याच्यासाठी राखून ठेवत आली होती. चारचौघांत 'अहो', आणि दार लागलं की 'मेल्या'. 'आलो' हा शब्द त्याच्या ओठांवर येऊन थांबला, कारण फटीतून त्याला खाट दिसली. खिडकी उघडी होती. एक पिवळट, फाटक्या कानाचा बोका तिच्या पोटावर चढून गोल गोल फिरला आणि बसला. चेंडू जमिनीवर पडला होता. आणि तो उजवा हात, दोन डॉक्टर आणि एक व्यायामवाल्या बाई ज्याच्यापुढे हरल्या होत्या तो हात, खाटेच्या कडेवरून सरकत वर आला. वाकडी बोटं बोक्याच्या पाठीत शिरली आणि हळूहळू केस विंचरू लागली.

बोक्याच्या अंगावर एक डाग नव्हता. कातडी कशी लोण्यासारखी.

कुलूप शेवटच्या दातावर सुटतं तसं त्याला सगळं सुटलं. तिची चादर तो बदलायचा, त्याच हातांनी कुत्र्याला कुरवाळायचा. फरशी करकरली. बोका खिडकीतून असा गेला, जणू नव्हताच. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

तिने मान भिंतीकडे वळवली.

त्याने खिडकीला एक लहानसं पितळी कुलूप घातलं. वाऱ्याने खिटी मोडली अशी थापही मारली, पण त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात पडेल थाप होती. तिजोरीची गोष्ट ऐकणाऱ्या कुत्र्यानेसुद्धा ती मानली नसती. औषधं चालू राहिली. या वेळी जावईबापूंची कातडी खरोखर निवळली, शेपटीशी कोवळी लव आली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. खरा जावईसुद्धा जाता जाता कुत्र्याच्या डोक्यावर टपली मारून गेला.

मागच्या खोलीत मात्र भरवलेला घास गालातून परत यायला लागला. व्यायामाच्या बाई उजवा हात उचलायच्या आणि सोडायच्या, तो सोडल्या सोडल्या पडायचा. बायको दिवसभर त्या पितळी कुलपाकडे बघत असायची. कुंपणाच्या भिंतीवर बोका बसून ओरडायचा, आणि तो ओरडला की तिचे ओठ हलायचे, पण त्यांतून काही बाहेर पडत नसे.

कुलूपवाल्याने बोक्यालाच धरायचं ठरवलं. दुधाची वाटी ठेवली, पोतं घेऊन दबा धरला. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे निघाले, दूध संपलं आणि पोत्यात काहीच नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंकडे त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा, एखाद्याकडे मोकाट मांजर येत असलं तर? धरायचं, त्या म्हणाल्या, पिंजऱ्यात वेगळं ठेवायचं, कितीतरी आठवडे औषध द्यायचं, कोणी हात लावायचा नाही.

"आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर सरळ खिडकी बंद ठेवा म्हणावं. कोणाकडे आहे?"

"आहे एक गिऱ्हाईक. डोक्याला ताप आहे नुसता."

घरी येऊन त्याने खिडकीचं कुलूप काढलं. कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की तसल्याच कुलपाला मागणी आली होती. कोणी विचारलं नाही. दुपारी तो दुकानात स्टुलावर बसला, हातात किल्ली आणि कानस, पण कानस चालत नव्हती. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

"आलास? बस, बस असा."

खुर्चीवरच्या जावईबापूंचे कान उभे राहिले. त्यांनी तो आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता. शेपटी खुर्चीच्या पत्र्यावर धाड धाड आपटू लागली, आणि ते उडी मारून आत निघाले. कुलूपवाल्याने त्यांना गळपट्ट्याला धरलं. ते ओढत होते, कण्हत होते. त्याने त्यांचं तोंड हाताने मिटून धरलं आणि डोकं गुडघ्याशी दाबून ठेवलं.

"तुम्हाला नाही, बापू," तो हळूच म्हणाला. "आपल्याला कोणालाच नाही."

जावईबापूंचा गोल परत आला, कानामागे, पहिल्याच जागी. तो लेकीला आधी दिसला. आईला आंघोळ घालून, वेणी घालून, जाताना ती दारात थांबली आणि बापाकडे नुसतं बघितलं.

खऱ्या जावयाने जागा शोधून काढली. वस्तीच्या टोकाला लाकडाची वखार होती, तिथल्या राखणदाराला भुंकणारं काहीतरी हवं होतं, कातडी कशीही असली तरी चालणार होती. राखणदार स्वतःच साखळी घेऊन आला. भला माणूस होता. चेहरा जरासा अवघडल्यासारखा करून म्हणाला, "काका, साखळीचा आकडा ढिला आहे. एखादं कुलूप मिळेल का तुमच्याकडे? पळून आला परत, तर तुम्हालाच त्रास."

कुलूपवाल्याने खोक्यातली सगळी कुलपं चाचपली आणि सगळ्यात चांगलं काढलं. साखळीला घालून, ओढून, दाबून पाहिलं. कुलपाबरोबर दोन किल्ल्या असतात. त्याने एक दिली. जावईबापू फिरायला निघाल्यासारखे ऐटीत गेले. वळणावर त्यांनी एकदा मागे पाहिलं, हे कोणीतरी बरोबर यायचं राहिलं आहे अशा नजरेने. रुसून गेलेला जावई चार दिवसांत आपसूक परत येतो म्हणतात. पण ते कुलूप न लावलेल्या जावयाचं.

काही आठवड्यांनी खरा जावई वखारीवरून बातमी घेऊन आला, की कुत्र्याला सगळे केस आले आहेत, चट्टा औषधालासुद्धा सापडायचा नाही. फक्त भुंकत नाही, राखणदार कुरकुरतो.

"बघा," लेक म्हणाली. "तिकडची हवा मानवली त्याला." मग तिने आईची बाही वर केली आणि तिचा हात तिथेच थांबला. दंडावर नवा गोल उमटला होता, ताजा, कडेने उठलेला. "कुत्रा जाऊन इतके दिवस झाले. मग हे कुठून आलं?"

बायकोने मान वळवली. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे सरळ, न हलता बघत होती. डोळ्यांत विनवणी होती की धाक, हे सांगणं कठीण. पूर्वीही कठीणच असायचं.

"जुनंच असेल," तो म्हणाला. "निघता निघता निघतं."

"असं कसं?"

"मलम लावून हात नीट धू. आणि पोरीला आणत जाऊ नकोस इथं. तू एकटी ये."

"किती दिवस?"

नातीने त्याच्या किल्ल्यांचा जुडगा दोन्ही मुठींत धरून ठेवला होता. तो सोडवून घेताना त्याने एकेक बोट उघडलं, फार हळू. वखारीच्या कुलपाची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात होती.

सगळे गेल्यावर तो तेलाची बुधली घेऊन खाटेशी आला. बायकोचे डोळे लगेच खिडकीकडे गेले, आणि बोटांनी चादर धरली. त्याने खिटीत तेलाचे थेंब सोडले, ती चारदा फिरवली, पुन्हा तेल सोडलं, बिजागऱ्यांनाही दिलं. आता लुळ्या बोटाने नुसतं ढकललं तरी ती उघडली असती. हात पुसताना तो जरा रेंगाळला.

मग तो बाहेर आला, आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून दार जोरात लावून घेतलं. दुकानात खुर्ची रिकामी होती. तो स्टुलावर बसला.