खडेबाबाची हूल

टण्ण!

पितळी परातीत खडा पडला आणि मांडवातल्या तीन-चारशे माणसांनी रोखलेला श्वास सोडला. ना चिरा, ना टाका, ना रक्ताचा थेंब. बाईच्या कमरेतला मुतखडा थेट परातीत! आमच्या कुंडल गावात हा चमत्कार सलग चौथ्या दिवशी चालला होता.

चमत्कार करणारे महापुरुष म्हणजे खडेबाबा. खरं नाव विचारलं की म्हणत, "नाव देहाला असतं, मी देहात नाही." देहात नसलेला हा माणूस दिवसातून तीनदा जेवत होता आणि तूप कमी पडलं की तोंड वाकडं करत होता. रोग्याला पालथं झोपवायचा, कमरेवर ओलं फडकं टाकायचा, दोन्ही तळहात उलटसुलट दाखवायचा आणि गर्जायचा, "सायन्स संपतं तिथं माझं स्टेशन लागतं!" मग बिरदेवाच्या नावानं चांगभलं, मूठभर भंडारा आभाळात, आणि टण्ण.

गर्दीचं मला नवल वाटलं नाही. राग आला तो पुढच्या रांगेत बसलेल्या नाथाजी वस्तादांचा. चाळीस वर्षं तालीम चालवलेला माणूस. मैदानात कुस्तीचा निकाल अडला की पंचसुद्धा त्यांच्याकडे बघतात. ते उठून सगळ्यांदेखत म्हणाले, "मी हातभरावर बसून बघितलंय. बाबाचं हात रिकामं हायती." संपलं! वस्तादांच्या नजरेवर शंका घ्यायची आमच्या गावात पद्धत नाही. बाबाला आणखी काय हवं होतं?

इकडे शेजारच्या राजमतीकाकूंच्या जिवावर बेतलं होतं. मूत्रनलिकेत खडा अडकून त्यांची एक किडनी सुजली होती. "बुधवारी सकाळी ऑपरेशन. उशीर केलात तर किडनी जाईल," असं सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सोमवारी काकू मांडवात जाऊन आल्या आणि डबीतला खडा मला दाखवू लागल्या.

"पल्लवे, निघाला बघ. आता दुखत बी न्हाई."

दुखेल कसं? सकाळीच त्यांनी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं होतं. सुई डॉक्टरची आणि आरती बाबाची!

"काकू, बुधवारी जायचंच हाय," मी म्हणाले.

"कशाला?" त्यांचे यजमान अजितकुमारकाका मध्येच बोलले. "सोता वस्ताद सांगत्यात. त्यास्नी काय खोटं बोलायची गरज हाय?"

गरज नव्हती, हे खरंच. म्हणून तर मी मंगळवारी सकाळी मांडवात जाऊन बसले.

मी हायस्कुलात मुलींना कबड्डी शिकवते. आमच्या मैदानावर 'हूल' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. चढाई करणारी डावीकडे झेप घेतल्यासारखं करते, आपण तिकडे धावतो आणि ती उजवीकडून गडी मारून जाते. थाप मारायला तोंड लागतं. हूल अंगानं देतात. ती देणारा एक शब्द खोटा बोलत नाही. तो फक्त तुम्हाला बघायला एक जागा देतो आणि आपलं काम दुसऱ्या जागी उरकतो. म्हणून मी पोरींना सांगते, हात कितीही नाचू देत, नजर कमरेवर ठेवा.

मी कमरेवर ठेवली.

बाबाचा उजवा हात भंडारा घेऊन वर गेला. "चांगभलं!" म्हणत सगळा मांडव हात जोडून, डोळे मिटून वाकला. तेवढ्यात बाबाचा डावा हात कमरेच्या शेल्यात जाऊन फडक्याखाली आला. एवढंच. एवढ्याशा भामटेगिरीला गाव चार दिवस लोटांगण घालत होतं!

तिथून मी तडक तालमीत गेले.

"माझ्या नजरंवर संशय घेतीस व्हय गं?" वस्ताद कडाडले.

"न्हाई आबा. भंडारा उडतो तवा तुमी काय करता, तेवढं सांगा."

"काय म्हंजे? हात जोडतो. डोळं मिटून पाया पडतो देवाच्या."

"मग खडा फडक्याखाली येताना कवा बघितला?"

वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातली मूठभर माती उचलून खाली आपटली. मग म्हणाले, "हूल दिली गं भाड्यानं. देवाच्या नावाची हूल."

संध्याकाळी ते पुन्हा पुढच्या रांगेत बसले. भंडारा उडाला, मांडव वाकला, आणि वस्तादांनी बाबाचं डावं मनगट धरलं. वय झालं असलं तरी पकड पैलवानाची. शेल्याची गाठ सुटली आणि नदीकाठचे अकरा खडे टपाटपा परातीत पडले. एका रोग्याला अकरा!

"भस्म होशील!" बाबा किंचाळला.

"व्हतो की. आदी ह्ये खडं कुणाच्या पोटातलं, त्येवढं सांग," वस्ताद म्हणाले. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. देहात नसलेल्या बाबाच्या देहाला तेव्हा दरदरून घाम फुटला होता.

पण काकू ऐकेनात. "माझा खरा असंल की," म्हणत डबी पदरात धरून बसल्या. तेव्हा वस्ताद त्यांच्या उंबऱ्याशी आले. ज्या माणसानं जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, तो मान खाली घालून उभा राहिला.

"राजमती, मी बघितलं न्हवतं. डोळं मिटलं हुतं आणि बघितलं म्हणून सांगितलं. माझ्या शब्दावर तू थांबलीस. आता माझ्याच शब्दावर जा."

बुधवारी ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफीत खडा होता तिथंच होता. ऑपरेशन झालं आणि किडनी वाचली. "आणखी आठवडा गेला असता तर काढूनच टाकावी लागली असती," असं डॉक्टर म्हणाल्या.

देवापुढे डोळे मिटायचे असतील तर खुशाल मिटा. पण मिटल्या डोळ्यांनी कुणाची साक्ष देऊ नका. तुमच्या एका 'मी बघितलंय'वर शेजारचं माणूस दवाखान्याची वाट सोडून घरी बसतं.