झाकणावरची नळी

“काका, तो आपल्याच बाजूचा होता,” भाचा म्हणाला.

“मग मध्ये कशाला कडमडला?” म्हणत भाऊजींनी पडद्यावरचा आणखी एक रणगाडा उडवला. स्वारी अशी रंगात आली होती की हा पेन्शनीतला माणूस आहे हे कुणाला पटलं नसतं.

मावशी दाराशी मटार सोलत बसल्या होत्या. भाचा संगणकावरच्या खेळांची परीक्षणं लिही. त्यावरच त्याचं पोट चाले. या खेपेला रणगाड्यांचे दोन खेळ शेजारी-शेजारी ठेवून तोलायचे होते. एक नुसता धडाधड, दुसरा अगदी खऱ्यासारखा. खऱ्यासारखा म्हणजे कितपत, ते सांगायला त्याने भाऊजींना बोलावलं होतं. मावशींचे यजमान युद्धात रणगाडा चालवत आणि त्याच रणगाड्याची तोफ त्यांचे मित्र असलेल्या भाऊजींच्या हाती असे. रणगाडा जळाला तेव्हा भाऊजी बाहेर पडले, यजमान आत राहिले. तेव्हापासून भाऊजी अधूनमधून येत आणि निघताना न चुकता म्हणत, “वहिनी, त्याला काही कळलंच नाही. क्षणात गेला.”

मावशींची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेली होती. खोटं बोलण्याआधी माणूस एक छोटा श्वास घेतो, हे त्यांच्या कानांना पक्कं ठाऊक होतं. त्या वाक्याआधी भाऊजी तसा श्वास घेत. मावशींनी कधी विचारलं नाही. फक्त झोपायची वेळ होईपर्यंत त्या दाराला कडी लावत नसत. पूर्वी यजमान घरी आले की अंगठीने दार वाजवायचे. दोन ठोके सावकाश, तिसरा घाईचा.

“यात टँक गेला की लगेच नवा मिळतो,” भाचा सांगत होता. “आत माणूसच नसतो ना. आता हा दुसरा बघा. यात चौघं आहेत.”

दुसऱ्या खेळात रंग कमी होते. इंजिनाची घरघर तेवढी खोलीभर पसरली. भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. थोड्या वेळाने गोळा लागला आणि धूर उठला. भाच्याने दाखवलेलं बाहेर पडायचं बटण भाऊजींनी दाबलं. तिघं बाहेर पडले. पुढे बसलेला चालक मात्र आतच.

“त्याच्या डोक्यावरचं झाकण का उघडत नाही रे?” मावशींनी विचारलं.

“तोफेची नळी झाकणावर आलीय ना. तोफवाल्याने आधी ती बाजूला फिरवायची, मगच ते उघडणार. खऱ्या टँकमध्येही असंच असायचं म्हणे. हो ना काका?”

भाऊजी पडद्यावरच्या त्या नळीकडे बघत होते. मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. दोन ठोके सावकाश. तिसरा घाईचा.

“हा आवाज या गेममध्ये नाहीये,” भाचा म्हणाला. त्याने स्पीकरची वायर उपटली. ठोके चालूच होते.

भाऊजींनी आपला तोफवाला पुन्हा आत घातला.

“काका, आता टँकमधली वीज गेलीय. नळी हाताने फिरवावी लागेल. तुम्हीपण जळाल.”

“गप रे.”

माऊसवरचा त्यांचा हात गरागरा फिरू लागला. नळी मात्र मुंगीच्या पावलाने सरकत होती. शेवटी ती झाकणावरून सुटली आणि ठोके थांबले. झाकण उघडलं. आतली जागा रिकामी होती.

“असं व्हायला नको,” भाचा पुटपुटला. “चालकाचं चित्र तिथे असतंच. जिवंत असो, नाहीतर...” पुढचं त्याने गिळलं.

भाऊजींचा हात अजून फिरतच होता. मावशींनी उठून तो धरला. घामेजलेला, गार हात. भाऊजींनी वर पाहिलं आणि एक छोटा श्वास घेतला.

“राहू द्या, भाऊजी,” मावशी म्हणाल्या. “उघडलं ना.”

त्या दिवशी निघताना भाऊजींनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. ते जिना उतरून गेल्यावर मावशींनी दार लोटलं. उंबऱ्यावर अजून ऊन होतं. त्यांनी कडीला हात घातला.

“आत्तापासून कडी?” भाच्याने विचारलं.

“हो,” मावशी म्हणाल्या. “आता कुणी यायचं राहिलं नाही.”