तलावावरच्या बाईंचा सत्कार

“म्हणजे काय? कार्यक्रम कालच झाला ना?” लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. “गर्दी खचाखच होती म्हणे. सकाळपासून स्वतःला शिव्या घालतोय, भाऊ. बाईंनी मला पोहायला शिकवलं, आणि मीच नेमका हुकलो!”

भाऊ आपला कोट न्यायला आले होते. ताईच्या सत्काराला अर्धा तास उरला होता.

“झाला असं कोण म्हणालं?”

“तुमचाच पेपर म्हणाला की! मला शुक्रवारच आठवत होता. पण छापलंय म्हटल्यावर वाटलं, आपलीच काहीतरी गफलत झाली.”

भाऊंनी इस्त्रीच्या टेबलावरचा अंक ओढून घेतला.

भाऊ एका साप्ताहिकाचे उपसंपादक, वार्ताहर आणि वेळ पडली तर शिपाईसुद्धा. मोठी वर्तमानपत्रं ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत, ती तुंबलेली गटारं, बंद पडणारी वाचनालयं, गल्लीतले सत्कार हेच त्या अंकाचं खाणंपिणं. अंक निघायचा शनिवारी सकाळी, पण पानं लागायची गुरुवारी. मग शुक्रवारच्या समारंभांचं काय? ते भाऊ गुरुवारीच उरकून टाकत. ‘काल सायंकाळी सभागृह खचाखच भरले होते. उपस्थितांना गहिवरून आले.’ इतक्या वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती. उपस्थितांना तसंही दर वेळी गहिवरून येतंच.

या गुरुवारी छापखानेवाल्याचा फोन आला. यंत्र दुरुस्तीला खोलायचंय, अंक एक दिवस आधीच छापून वाटू का? “वाटा की,” भाऊ म्हणाले, “तेवढीच डोक्याची कटकट आधी मिटेल.” आणि हे बोलताना समोर पान कोणतं होतं? ताईच्याच सत्काराचं! अक्कल कुठे गहाण टाकली होती, कोण जाणे.

ताईने नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर उभी हयात काढली होती. आई गेल्यावर याच भावाला तिने लहानाचं मोठं केलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कधी निघूच दिला नाही. अर्ध्या वस्तीच्या पाठीखाली तिचा हात होता. “धरलंय मी, घाबरायचं नाही,” म्हणत तो हात ती कधी काढून घ्यायची, पोराला पत्ताच लागत नसे. निवृत्त झाल्यावर तिला सत्कारबित्कार काही नकोच होता. “कोण येणार रे, बाळ्या? पोहता यायला लागलं की माणसं तलाव विसरतात,” ती म्हणाली होती. भाऊंनीच हट्टाने गळ घातली. एक दिवस तरी कुणीतरी तिच्याकडे मान वर करून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

कोट तिथेच राहिला. भाऊंनी फोनवर फोन लावले. औषधाच्या दुकानदाराने दुकान उघडलं होतं आणि गिऱ्हाइकं दारात उभी होती. शाळेच्या मुख्याध्यापिका माहेरी निघून गेल्या होत्या. जो तो एकच म्हणे, “अहो, आम्हाला वाटलं झाला!” लाँड्रीवाला मात्र दुकान तसंच टाकून त्यांच्याबरोबर धावत सुटला.

सभागृहात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत तलावाचा पहारेकरी आणि दोन शेजारणी. व्यासपीठावर ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बसवलेली ताई. ती दाराकडे बघत नव्हती, आणि ते न बघणं भाऊंना लांबूनही दिसलं. वाट बघून बघून शेवटी लाँड्रीवाल्यानेच पुष्पगुच्छ दिला. बोलायला उभा राहिला आणि ढसाढसा रडला. त्या दिवशी गहिवरून आलं ते एवढ्या एकालाच.

घरी परतताना भाऊंनी सगळं सांगितलं. अंक तिच्या हातात दिला. ताईने दिव्याच्या खांबाखाली उभं राहून बातमी वाचली आणि हसली.

“छान लिहिलंयस.”

“ताई, हे वाचून लोक आले नाहीत गं! त्यांना वाटलं कार्यक्रम होऊन गेला. माझी चूक आहे. लोक विसरले नाहीत तुला, आईशपथ!”

“असू दे रे. मला वाईट वाटू नये म्हणून तू लहानपणापासून काहीही सांगत आलायस.”

“अगं, पण हे खरं आहे! विचार हवं तर लाँड्रीवाल्याला.”

“बरं बाबा, खरं.” ती चालू लागली. चालता चालताच म्हणाली, “पण बाळ्या, ज्याला यायचंच असतं ना, तो आदल्या दिवशी विचारतो, किती वाजता आहे म्हणून. तो पेपराची वाट बघत नाही.”

चूक त्यांची होती हे खरं, आणि ताई म्हणत होती तेही खोटं नव्हतं. यातलं कोणतं किती, हे आता त्यांना जन्मात कळणार नव्हतं. ते त्यांनीच कायमचं पुसून टाकलं होतं.

“पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो,” ते कसंबसं म्हणाले. “चौकटीत. पहिल्या पानावर.”

ताईने अंकाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

“नको. खचाखच भरलं होतं, असंच राहू दे.”

पुढच्या गुरुवारी पान लावताना भाऊंनी लिहून ठेवलेली दुरुस्ती काढून टाकली. त्या जागेत तलावाच्या नव्या वेळा छापल्या, आणि खाली नव्या शिक्षिकेचं नाव.